गिरजाचा पहिला घास

सकाळी कोंबड्या सोडल्या की मी शेजारी पाहते. गिरजा तिच्या ओसरीच्या कडेला बसलेली असते आणि माझ्या कोंबड्यांना वेडावून दाखवत असते. आधी गाल फुगवते. एकच फुगतो, दुसरा नाही. मग ओठांचा चंबू करते, मग दात दिसेपर्यंत ओठ ताणते, मग जीभ बाहेर काढते. जीभ थोडीशी येते आणि डाव्या अंगाला पळते. शेवटी मान एकदा माझ्या दाराकडे, एकदा रस्त्याकडे. माझा कोंबडा सुरुवातीला बिचकायचा. आता तो तिच्यासमोर जाऊन उभा राहतो. हिला काहीतरी म्हणायचं आहे असं त्याला वाटत असावं.

रस्त्यानं जाणाऱ्यांना मात्र भलतंच वाटतं. मागं एक सायकलवाला, बाहेरगावचा माणूस, हिनं आपल्यालाच तोंड वाकडं करून दाखवलं असं समजून खाली उतरला आणि भांडायला लागला. गिरजानं त्याच्याकडे पाहून शांतपणे पुन्हा गाल फुगवला. त्याचा राग आणखी वाढला. मी मध्ये पडले.

"भाऊ, ते कसरत करून राह्यली. दवाखान्यातून सांगतली हाये."

"अशी कसरत असते काय?"

"तुमच्या तोंडातलं अर्धं कापून काढलं असतं तं तुम्हीबी केली असती."

तो सायकल घेऊन गेला. मी बोलते ती अशीच. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. गोड बोलणं पाचवीपासून शिकवत असतील.

गिरजा आणि मी एकाच गावात सून म्हणून आलो, भिंतीला भिंत लागून. चंद्रपूर सोडून गडचिरोलीकडे निघालं की धानाच्या बांध्या लागतात आणि बांध्यांच्या मागं जंगल. त्यातलंच आमचं गाव. इथल्या बायका रोवण्याला, म्हणजे धानाची लावणी करताना, मोठ्यानं बोलतात, कारण चिखलात वाकून बोललेलं पलीकडच्या बांधीत पोचावं लागतं. गिरजाचं पलीकडच्या गावात पोचायचं. ती प्रत्येक गोष्टीवर बोलायची आणि ऐकायची कोणाचंच नाही. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मले शिकवू नोको." मास्तरला म्हणायची, तलाठ्याला म्हणायची. सप्ताहात प्रवचन सांगायला आलेल्या महाराजांना म्हणाली, तेव्हा महाराज पुढचं विसरले.

तिच्या घरात मुलगा मधुकर, सून सुनंदा आणि त्यांची दोन लेकरं. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. थोरला मुलगा रामदास, तो तर ऐन लग्नाच्या वयात तापानं गेला. त्याच्याबद्दल गिरजा बोलत नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलते.

बोलत नसली की समजायचं, तंबाखू भरलेली आहे. डाव्या गालात तंबाखू आणि चुना. स्वयंपाक करताना, रोवणा करताना, झोपताना. गालाला खळी पडावी तशी तिथं एक जागाच झाली होती. मग त्या जागेला फोड आला. "दात लागला," म्हणाली. फोड बसेना. मग भाकरीचा तुकडा तोंडात जाईना, कारण तोंडच पुरतं उघडेना. मी तिला दारात बसवलं, उन्हाकडे तोंड करायला लावलं आणि आत पाहिलं.

"गिरजे, हे दाताचं नोहे."

"मले शिकवू नोको, वच्छे."

मी तिला शिकवलं नाही. मधुकरला हाक मारली आणि त्याच्या आईचं तोंड त्याला दाखवलं. तो शहाणा आहे. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघाला, चंद्रपूर, तिथून नागपूर. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. डावा गाल, जबड्याचं हाड, जिभेचा तुकडा, मानेतल्या गाठी, सगळं काढलं. पुढं शेक दिले. विजेचे शेक, आगीचे नव्हे, पण जळतं त्यानंही.

मी नागपूरला पाहायला गेले होते. पट्ट्या बांधलेल्या, नाकात नळी, तोंड सुजून भोपळ्याएवढं. नर्स तिला समजावून सांगत होती, आजी, असं झोपा, असं नका झोपू. गिरजाच्या तोंडातून आवाज आला, त्यात एकही अक्षर धड नव्हतं. नर्स म्हणाली, "काय म्हणतात?" मधुकर, सुनंदा आणि मी एकदम बोललो, "मले शिकवू नोको." जन्मभर ऐकलेलं असल्यावर अक्षरं कशाला लागतात. तेव्हा मला कळलं की ही परत येते.

ती आली पोळ्याच्या आसपास. गाव पाहायला जमलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा खांदा खाली लोंबलेला, नाकातून नळी. बायका पदर तोंडाला लावून च्‌ च्‌ करत होत्या. गिरजानं नव्या गालावर बोट ठेवलं. तिथं मांडीचं कातडं काढून बसवलं होतं. ती काहीतरी बोलली आणि सुनंदानं मान खाली घालून ते सगळ्यांना सांगितलं, "माय म्हणते, आता मले कोणी थापड मारली तं मांडीले लागन." कोणी हसावं की नाही ते कोणाला कळेना. गिरजा हसली. म्हणजे अर्धी हसली. तिची लाळ गळली, ती तिनं पदरानं पुसली आणि पुन्हा हसली.

इथून पुढं ती बोलते तसं लिहिलं तर तुम्हाला वाचता येणार नाही. मी सरळ करून लिहिते.

मुलचेऱ्याकडे बंगाली लोकांची गावं आहेत, फार पूर्वी इकडे वसवलेली. तिथली एक मुलगी, मौसुमी, तालुक्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण आहे. जन्म इकडचा, त्यामुळे बोलते आपल्यासारखं, फक्त थोडं गोल करून. आठवड्याच्या बाजाराला मी गिरजाला तिच्याकडे नेत असे, कारण मधुकर-सुनंदा शेतात आणि मला घाबरायची सवय नाही. मौसुमी गिरजाला 'दिदा' म्हणायची. त्यांच्यात आजीला तसं म्हणतात.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "दिदा, हात वर करा." डावा हात छातीच्या वर जाईना. मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या शिरेला धक्का लागतो, म्हणाली, आता खांद्याला पुन्हा शाळेत घालावं लागेल. भिंतीशी उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, पाल चढते तशी. जिथं थांबेल तिथं थोडं थांबायचं, आणखी एक बोट वर. गिरजा घरी आली आणि माझ्या भिंतीवर चढायला लागली.

"तुह्या घरी भिंत नाई काय?"

"माही भिंत सुनंदानं पोतली हाये. खराब होईन."

माझ्या भिंतीवर अजून तिच्या बोटांचे डाग आहेत. खालचे काळे, वरचे फिकट. भांडले मी. पण डाग वर वर सरकताना रोज बघितले, हेही खरं.

दुसरा व्यायाम खांदे उडवायचा. मला काय त्याचं, असं करतो ना आपण, तसे दोन्ही खांदे वर न्यायचे आणि सोडायचे. गिरजाला तो फारच आवडला. सुनंदा विचारायची, "माय, पेज गरम करू का?" खांदे. मधुकर विचारायचा, "बरं वाटून राह्यलं?" खांदे. सरपंचबाई विचारपूस करायला आल्या, तासभर बसल्या, सगळ्या प्रश्नांना खांदे. बाईंना अपमान वाटला. मी म्हटलं, डॉक्टरणीनं सांगितलं आहे, जितकं जास्त तितकं चांगलं.

तोंड उघडायचा व्यायाम सगळ्यात कठीण. शेकानं जबडा आवळत जातो, लक्ष दिलं नाही तर कायमचा आवळतो. मौसुमीनं आइसक्रीमच्या काड्या दिल्या. त्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, मग मध्ये आणखी एक सरकवायची. गिरजानं त्या चोखून पाहिल्या आणि फेकल्या. आमच्याकडे बांबू काय कमी आहे? तिनं स्वतः विळ्यानं बांबूच्या पातळ चिपा काढल्या, काचेनं घासून गुळगुळीत केल्या, उकळल्या. त्यांची थप्पी दातांत धरून ती वाळत घातलेल्या धानाची राखण करत बसायची. डोळ्यांतून पाणी गळत असायचं. तोंडात थप्पी असल्यानं कोंबड्यांना हाकलायला ओरडता येईना, म्हणून उजव्या हातानं खडे मारायची. नेम असा, की माझी तांबडी कोंबडी आठवडाभर घरातून बाहेर पडली नाही.

मी माणसं पुष्कळ पाहिली. बाळंतपणं केली, मढी धुतली. दुखणं आलं की माणूस लहान होतं, आपल्याकडे पाहा म्हणतं. ही बाई तसं काही म्हणत नव्हती. दुखायला लागलं की आणखी एक चीप सरकवायची. मी पाहत राहायची आणि हातातलं काम विसरायची. मला कामाचा विसर पडत नाही कधी.

आता नव्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्याकडे हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं. पण नवा केल्याशिवाय नवीन तांदूळ कोणी तोंडात घालत नाही. नव्याच्या दिवशी घर सारवतात, नवीन तांदळाचा भात होतो, आणि भाताचा पहिला वाटा पानावर काढून गेलेल्यांना ठेवतात. मग त्या पानाला लागून घरातली माणसं वयाप्रमाणे ओळीनं बसतात. सगळ्यात मोठं माणूस पानाच्या शेजारी, पुढं मुलगा, सून, लेकरं. मोठ्या माणसानं पहिला घास गिळला की मग दुसऱ्यानं हात लावायचा. त्याआधी नाही. लेकरू रडलं तरी नाही.

गिरजाच्या घरात मोठं माणूस म्हणजे गिरजा. आणि गिरजाचं सगळं खाणं नळीतून. नाकात गेलेल्या नळीत सुनंदा पेज ओतायची, गाळलेली डाळ ओतायची.

धान घरी आलं. मळून, वारवून ढोलीत भरलं. ढोली म्हणजे बांबूची मोठी उभी कणगी, माणसाच्या उंचीची. ती भरलेली, आणि घर राशनचा तांदूळ खात होतं. गावात घरोघरी नवे झाले. नवीन भाताचा वास काय असतो ते ज्याच्या घरी शिजत नाही त्याला विचारा. मधुकरचा लहाना रोज विचारायचा, आपला नवा कधी? गिरजा खांदे उडवायची.

गावात बोलायला लागले. बुडीला मोठेपण सुटत नाही, तोंड गेलं तरी मान पाहिजे. मलाही तसंच वाटलं, आणि वाटलं ते मी तिच्या तोंडावर बोलले. तिनं उत्तर दिलं नाही. थप्पी तोंडात होती.

मग मधुकरनं ती चूक केली. चांगल्या मनानं केली. माणूस दिवसभर राबून येतो, लेकरं भुणभुण लावतात. एका संध्याकाळी, मी तिथंच बसले होते, तो आईला म्हणाला, "माय, तू कायले एवढा त्रास घेतं? उद्या नवा करून टाकू. तुह्या वाट्याचा घास आपण पानावर ठेवू, पहिला घास मी घेतो."

सुनंदाच्या हातातली पळी थांबली. पानावर गेलेल्यांचा घास असतो. जित्या माणसाचा नाही. मधुकरला बोलल्यावर कळलं. "माय, मले तसं नाई म्हणाचं होतं..."

गिरजा उठली. बाहेर गेली. घमेल्यात शेण-माती कालवून आत आली आणि ढोलीचं तोंड लिंपायला लागली. वर झाकण, कडेनं शेणमातीचा थर. दोन्ही हातांनी. ढोली तिच्यापेक्षा उंच. माती हातावरून कोपरापर्यंत ओघळत होती, नाकातली नळी हलत होती, आणि तिच्या तोंडातून सारखे शब्द पडत होते, जे मी इथं लिहीत नाही. मधुकर भिंतीला टेकून उभा होता, लहान झाला होता.

मी एकदम ओरडले, "गिरजे! हात पाहाय!"

डावा हात डोक्याच्या वर होता.

तिनं पाहिलं. हात वरच ठेवला. मग उरलेली बाजू मुद्दाम डाव्या हातानं लिंपली.

बाजाराच्या दिवशी मौसुमीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "दिदाले रोज राग आणा, माह्या गोळ्या-तेलापेक्षा भारी हाये." मग गिरजा म्हणाली, "मले भात गिळाचा हाये. एक घास." तेव्हा मौसुमी हसायची थांबली.

तिनं मला बाजूला न घेता दोघींच्या समोरच सांगितलं, ते मला आवडलं. जिभेचा तुकडा नाही, त्यामुळे घास मागं ढकलता येत नाही. शेकानं गळा कोरडा. दाणा वाट चुकला तर श्वासाच्या नळीत जातो, फुप्फुसात जातो, माणूस दगावतं. पाण्यासारखं पातळ जास्त वाईट, भाताचा सुटा दाणाही वाईट. मऊ, दह्यासारखं घट्ट असेल ते आधी. त्याचीही रीत आहे. श्वास धरायचा, हनुवटी छातीला लावायची, सगळा जोर लावून गिळायचं, आणि श्वास घ्यायच्या आधी खोकायचं. मग तोंड उघडून दाखवायचं, आत काही राहिलं तर नाही.

"आणि हे सारं माह्यासमोर कराचं, दिदा. घरी एकटी नाई."

"बरं," गिरजा म्हणाली. गिरजा कोणाला बरं म्हणाली हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला धडकीच भरली.

दवाखान्यात घट्ट आंबील जमायला लागली. चमच्याच्या टोकावर, हनुवटी खाली, आणि गळ्याचा मणी वर जाऊन खाली यायचा. मौसुमी तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून बसायची आणि मणी हलला की स्वतःच गिळायची. मीही गिळायची. आम्ही तिघी तिथं कोरडं गिळत बसलेल्या पाहून बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावायची.

पुढं मौसुमीनं घरीही सराव करायला सांगितलं, मी जवळ बसायचं या बोलीवर. मऊ भात रगडून, पळीनं घोटून, गाळून. गिरजानं त्यासाठी राशनचा तांदूळ घेतला. "शिकाचं ते याच्यावर शिकतो. नवा बिघडवाचा नाई." 

एके दिवशी दुपारी घास अडला. हनुवटी खाली होती, सगळं रीतीनं होतं, तरी अडला. खोकला येईना. चेहरा काळानिळा. मी तिला पुढं वाकवलं आणि पाठीत थापा मारल्या, अशा की माझं मनगट भरून आलं. तो घास बाहेर पडला आणि गिरजा जमिनीवर आडवी झाली, माशासारखा श्वास घेत. मधुकर शेतातून धावत आला. तो तिच्या पायाशी बसला आणि रडत म्हणाला, "माय, नोको. मले नवा पाहिजे नाई. राशनचा खाऊ वर्षभर. तू राह्य फक्त."

मीही म्हटलं, "गिरजे, बस झालं."

ती पडल्या पडल्या मधुकरकडे पाहत होती. मग मला म्हणाली, "भात पातळ झाला होता. उद्या घट्ट कर."

मी घट्ट केला. का केला ते विचारू नका. त्या बाईसमोर नाही म्हणायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं, आणि माझ्यात बळ कमी आहे असं आजवर कोणी म्हटलं नाही. मौसुमीला सगळं सांगितलं. ती गिरजाला रागावली, मला जास्त रागावली, आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. घास आणखी लहान, बसणं आणखी ताठ. शेवटी म्हणाली, "दिदा, एक घास. रगडलेला. मी येतो तिथं."

नव्याच्या दिवशी ती खरंच आली, सकाळच्या गाडीनं, सोबत मिठाई घेऊन. ढोलीचं लिंपण फोडलं. सुनंदानं भात रांधला आणि घर त्या वासानं भरलं. माझा नवा आधीच झाला होता, मी दारात बसले. पान मांडलं. मधुकरनं त्यावर वाटा ठेवला, बापाचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, रामदासचं घेतलं. पानाला लागून गिरजा बसली. तिच्यानंतर मधुकर, सुनंदा, लेकरं. सगळ्यांच्या ताटांत वाफ निघणारा भात, गिरजाच्या वाटीत घोटलेला. लहाना हात पाठीमागं बांधून बसला होता, हात आपोआप जाईल या भीतीनं.

गिरजानं चमचा उचलला. तोंड उघडलं. बांबूच्या चिपांनी, एकेक करून, मिळवलेलं तेवढं तोंड. चमचा आत गेला, रिकामा बाहेर आला. तिनं मान मागं थोडी नेली, घास मागं सरकू दिला, मग हनुवटी छातीला लावली.

आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे पाहत होतो. मणी हलेना. मौसुमीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मधुकरनं मांडीवरचं धोतर मुठीत धरलं होतं. मग मणी वर गेला. वर थांबला. आणि खाली आला.

गिरजा खोकली. शिकवल्यासारखं, एकदाच, कोरडं. मग तिनं तोंड उघडून आधी मौसुमीला दाखवलं, मग मधुकरला, मग वाकून लेकरांना. आत काही नव्हतं. लहाना म्हणाला, "गेला!"

"जेवा," गिरजा म्हणाली.

मौसुमी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, डॉक्टरांनी असं करू नये. तर ती माझ्याकडे पाहून म्हणाली, तुमचं काय चाललं आहे मग? धूर होता घरात.

मधुकरनं घास घेतला, चावला आणि आईला विचारलं, "कसा लागला, माय?"

"गोड हाये. मस्त धान झालं औंदा."

जेवणं चालू असताना ती उठून बाहेर ओसरीवर आली. मी मागून गेले. दुसरा घास तिनं घेतला नव्हता. ऊन छान पडलं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि हळू म्हटलं, "गिरजे, तुले तं शेकापासून चव समजत नाई. मीठ समजत नाई, गूळ समजत नाई. तूच सांगतलं मले."

"नाईच समजत. भुसा खाल्ल्यासारखा लागला."

"मग एवढा जीव काऊन धोक्यात घातला वो? मोठेपणासाठी?"

मला वाटलं खांदे उडवते. पण नाही उडवले.

"वच्छे, पंगत पाह्यली काय तू? पानाले लागून कोण बसते?"

"मोठं माणूस."

"मोठं माणूस म्हणजे तिकडं जाणारं पुढचं माणूस. मी पहिला घास सोडला का त्या जागेवर मधुकर सरकन. पानाले लागून." तिनं लाळ पुसली. "रामदास मले ओलांडून तिकडं जाऊन बसला. मले समजलंबी नाई. आता याले कसा जाऊ देऊ? मी तिथं बसून हावो तवर याले माह्या मागंच बसा लागते."

मी दारातून आत मधुकरकडे पाहिलं.

"हे त्याले सांगजो नोको," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. इथं लिहिते आहे, पण मधुकर वर्तमानपत्रसुद्धा वाचत नाही.

आत ताटं वाजत होती. मधुकरनं पुन्हा भात मागितला, सुनंदा म्हणाली, लेकरांसाठी राहू द्या थोडा, तो म्हणाला, ढोली भरलेली आहे, टाक. मग तो जेवत राहिला. नवीन भाताचा मोठा घास, वर डाळ. त्याच्या चावण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. गिरजा भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून तो आवाज ऐकत होती. तोंड जरासं उघडं होतं, आणि आत जीभ हळूहळू हलत होती.